विश्वाचे वय कोणी मोजले?

विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे आहे, असे शाळेत ऐकून मुले घरी येतात आणि आम्हां पालकांना प्रश्न विचारतात. हे कसे मोजले, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, व तो रास्तच आहे. परंतु हे कोणी मोजले, हाही प्रश्न आम्हांस तितकाच मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर बहुधा ‘शास्त्रज्ञांनी’ एवढ्या एका शब्दात उरकले जाते, आणि तेथेच सांगण्यासारखी गोष्ट हातची निसटते. ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे तीच गोष्ट मांडण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

आम्ही राहतो ते वाल्डॉर्फ हे संगणकाचे गाव. १९७२ साली पाच तरुणांनी काढलेल्या एसएपी ह्या कंपनीचे मुख्यालय येथे आहे आणि आपल्यापैकी बहुतेक मराठी कुटुंबे त्याच व्यवसायाच्या निमित्ताने येथे येऊन वसली. गावापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर हायडेलबर्ग आहे. पाहुणे आले की आपण त्यांना तेथला किल्ला दाखवतो, जुना पूल दाखवतो, छायाचित्रे काढतो आणि परततो. त्याच शहराच्या मुख्य रस्त्यावर, हाउप्टश्ट्रासेवर, एक जुनी इमारत आहे व तिच्यावर एक पाटी आहे. गुस्टाफ किर्खहोफ ह्यांनी १८५९ साली येथे काय केले ते त्या पाटीवर लिहिले आहे. तिच्याखालून आम्ही स्वतः किती वेळा बोलत बोलत निघून गेलो असू, कोण जाणे.

किर्खहोफ आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी रॉबर्ट बुन्सेन ह्यांनी काय दाखवून दिले? प्रत्येक मूलद्रव्य तापविले असता त्याच्या प्रकाशात ठरावीक जागी ठरावीक रेषा दिसतात, आणि त्या रेषांवरून ते द्रव्य ओळखता येते, मग ते प्रयोगशाळेतील ज्योतीत असो वा सूर्यात. ह्या रीतीने त्यांनी पुढील दोन वर्षांत सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधून काढली. असे सांगतात की, एकदा मानहाइमला आग लागली असता त्यांनी हायडेलबर्गमधूनच तिचा प्रकाश तपासून त्यातील द्रव्ये ओळखली, आणि मग इतक्या लांबच्या आगीत काय जळते ते कळत असेल तर सूर्यात काय जळते ते का कळू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. ताऱ्याला हात न लावता ताऱ्याची झडती घेण्याची विद्या ती हीच. विश्वाच्या प्रसरणाचे सारे मोजमाप ह्याच विद्येवर उभे आहे. दूरच्या तारकाविश्वाच्या प्रकाशात त्याच ओळखीच्या रेषा दिसतात, मात्र आपल्या जागेवरून तांबड्या टोकाकडे सरकलेल्या. जितके सरकणे अधिक, तितके ते तारकाविश्व आपल्यापासून अधिक वेगाने दूर जात आहे.

पण सूर्यप्रकाशातील काळ्या रेषा किर्खहोफच्या आधीच एका माणसाने बारकाईने मोजून ठेवल्या होत्या. योझेफ फ्राउनहोफर हा श्ट्राउबिंग येथील काचा बसविणाऱ्या कारागिराचा अकरावा मुलगा. अकराव्या वर्षी तो पोरका झाला आणि म्युनिकमध्ये एका आरसे करणाऱ्याकडे बिनपगारी शिकाऊ म्हणून राहिला. त्या मालकाला पोराने पुस्तके वाचलेली खपत नसे. १८०१ साली ते घर कोसळले. ढिगाऱ्यातून पोरगा जिवंत निघाला, तेथे जातीने आलेल्या राज्यकर्त्याने त्याला काही मोहरा दिल्या, आणि त्या पैशांतून त्याने पुस्तके घेतली व आपली सुटका करून घेतली. पुढे १८१४ साली ह्याच माणसाने, स्वतः घडविलेल्या काचेतून, सूर्याच्या वर्णपटातील पाचशेहून अधिक काळ्या रेषा नोंदविल्या. आजही त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. वाचकांपैकी ज्यांच्या आजोबांना शाळेच्या व्हरांड्याबाहेर बसविले गेले, त्यांना ह्या गोष्टीतील मालकाची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही.

फ्राउनहोफरच्या कारखान्यातील दुर्बिणीनेच १८३८ साली फ्रीडरिश बेसेल ह्यांनी एका ताऱ्याचे अंतर प्रथम विश्वासार्ह रीतीने मोजून प्रसिद्ध केले. बेसेल चौदाव्या वर्षी शाळा सोडून ब्रेमेनच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारी करू लागलेले. विद्यापीठाची पायरी त्यांनी विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही. त्यांची रीत मात्र कोणाही मुलाला समजावून देता येते. हात लांब करून अंगठा समोर धरावा, एकदा डावा डोळा मिटावा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकलेला दिसतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यास जवळचा तारा असाच सरकलेला दिसतो. ह्या सरकण्याला पराशय म्हणतात. बेसेल ह्यांनी मोजलेला कोन एका विकलेच्या, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाच्या, तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. आज हेच काम गाया ह्या युरोपीय उपग्रहाने जवळजवळ दोन अब्ज ताऱ्यांसाठी केले. तो डिसेंबर २०१३ मध्ये सुटला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे निरीक्षण संपले. त्याच्या मोजमापांवर काम करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक, आस्ट्रोनोमिशेस रेखेन-इन्स्टिट्यूट, हायडेलबर्गमध्येच आहे. विश्व मोजण्याच्या शिडीची अगदी खालची पायरी अशी आपल्या शेजारी घासूनपुसून पक्की केली जात आहे.

ह्या शिडीची दुसरी पायरी एका स्त्रीने घातली. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेविट ह्या तासाला तीस सेंट मजुरीवर आकाशाच्या छायाचित्रांतील ताऱ्यांचे तेज मोजीत बसत. दुर्बीण चालविणे हे तेथे स्त्रियांचे काम मानले जात नसे. त्यांना ऐकूही नीट येत नसे. १९१२ साली त्यांनी दाखविले की, सेफिड नावाचे जे तारे कमीअधिक तेजाने लुकलुकतात त्यांच्या लुकलुकण्याचा काळ जितका मोठा, तितके त्यांचे खरे तेज अधिक. म्हणजे काळ मोजावा, खरे तेज काढावा, दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहावे, की अंतर निघाले. १९२१ साली त्या वारल्या. चार वर्षांनी एका स्वीडिश गणितज्ञाला त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवावेसे वाटले, तेव्हा त्या हयात नाहीत हे त्याला कळविण्यात आले.

आणि मिल्टन ह्युमसन. माउंट विल्सनच्या डोंगरावर वेधशाळा बांधली जात असताना तिचे सामान खेचरांवर लादून वर नेणारा हा मुलगा. शाळा चौदाव्या वर्षीच सुटलेली. पुढे तो त्याच वेधशाळेत झाडूवाला झाला, मग रात्रीचा मदतनीस, मग वेध घेणारा, आणि फिकट तारकाविश्वांचे वर्णपट टिपण्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. एडविन हबल ह्यांनी १९२९ साली अंतर व वेग ह्यांचा संबंध जाहीर केला. बेल्जियमचे धर्मगुरू-शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र ह्यांनी तोच संबंध १९२७ साली गणिताने मांडला होता, म्हणून आता त्या नियमाला दोघांची नावे जोडतात. पण हबल ह्यांच्यासाठी थंडीत रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून दूरदूरच्या तारकाविश्वांच्या रेषांचे सरकणे टिपणारा तो झाडूवालाच होता.

आता आकड्याकडे येऊ. प्रसरणाचा वेग ठाऊक झाला, की तो उलटा फिरवून सारे एकत्र केव्हा होते ते काढता येते. हबल ह्यांच्या पहिल्या आकड्याने, म्हणजे दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला ५०० किलोमीटर ह्या दराने, विश्वाचे वय दोन अब्ज वर्षे येई. पृथ्वीवरचे खडकच त्याहून जुने निघू लागले! आईपेक्षा लेक वयाने मोठी, असा हा प्रकार. चूक सापडली ती एका जर्मन माणसाला. वाल्टर बाडे युद्धकाळात अमेरिकेत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते. इतर शास्त्रज्ञ युद्धकार्याला गेले, ह्यांना ते काम देता येईना, म्हणून ते दुर्बिणीपाशी राहिले. खाली लॉस एंजेलिसचे दिवे हवाई हल्ल्याच्या भीतीने मालवलेले, वर आकाश काळेभोर. त्या अंधारात केलेल्या निरीक्षणांतून त्यांना ताऱ्यांचे दोन भिन्न वर्ग दिसले, आणि सेफिडही दोन प्रकारचे असल्याचे त्यांनी १९५२ साली जाहीर केले. विश्वाची अंतरे एका रात्रीत दुप्पट झाली. पुढे आकडा आणखी खाली आला, मग ५० की १०० ह्यावर दोन पक्षांचे वीस-पंचवीस वर्षे भांडण चालले, आणि १९९० साली सुटलेल्या हबल दुर्बिणीने २००१ साली ७२ हा आकडा दिला, त्यात आठाची कमीजास्ती धरून.

आजही भांडण मिटलेले नाही. आरंभीच्या विश्वाच्या उष्णतेचे जे अवशेष सर्व आकाशात पसरले आहेत त्यांवरून प्लांक उपग्रहाच्या चमूने ६७.४ हा आकडा काढला, १३.८ अब्ज वर्षे हे वय त्याच हिशेबातले. सेफिड आणि स्फोट पावणारे तारे ह्यांच्या शिडीने जाणाऱ्यांना सुमारे ७३ मिळतो. बाकी सारे तसेच ठेवून हा दुसरा आकडा खरा धरला तर विश्व सुमारे एक अब्ज वर्षांनी तरुण ठरते. डिसेंबर २०२१ मध्ये सुटलेल्या वेब दुर्बिणीनेही हा तिढा सोडविलेला नाही. कोणी कोणाला पाखंडी म्हटलेले नाही, आपापल्या चुकीची मर्यादा छापून दोघेही काम करीत आहेत.

ह्या साऱ्या नावांत आम्हांस एकच गोष्ट दिसते. दुर्बिणीने, रेषेने, कोनाने मोजणाऱ्याचा जन्म कधी विचारला नाही. माणसांनी मात्र विचारला, आणि तोही ह्याच हायडेलबर्गमध्ये. फिलिप लेनार्ड हे येथील भौतिकीचे प्राध्यापक, १९०५ सालचे नोबेल पारितोषिकाचे मानकरी, म्हणजे कर्तबगारीत कमी नव्हते. त्यांनी ‘जर्मन भौतिकी’ नावाचा चार खंडांचा ग्रंथ लिहिला. विज्ञान हेही इतर मानवी निर्मितीप्रमाणे वंशाने व रक्ताने ठरते, असा त्याच्या प्रस्तावनेचा दावा. आइन्स्टाइन ज्यू, म्हणून त्यांचा सापेक्षतावाद त्याज्य. १९३५ साली येथील भौतिकी संस्थेला लेनार्ड ह्यांचेच नाव देण्यात आले. आणि विश्वाच्या प्रसरणाचे सारे गणित तर आइन्स्टाइनच्याच सिद्धांतावर उभे! किर्खहोफच्या गावात विज्ञानाची जात विचारली गेली.

त्याच काळात म्युनिकच्या एका ज्यू कुटुंबातील आर्नो पेन्झियस नावाचा सहा वर्षांचा मुलगा १९३९ साली, जर्मनीतून मुलांना बाहेर काढणाऱ्या गाडीने, इंग्लंडला पाठविला गेला. पुढे तो अमेरिकेत वाढला आणि १९६५ साली रॉबर्ट विल्सन ह्यांच्यासह एका मोठ्या शिंगाच्या आकाराच्या रेडिओ अँटेनातील न जाणारी खरखर शोधता शोधता, आत बसणाऱ्या कबुतरांची विष्ठासुद्धा साफ करून, ती खरखर विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेची आहे ह्या शोधापाशी पोहोचला. ज्याला रक्तावरून हाकलले, त्यानेच विश्वाच्या बालपणाची धग ओळखली.

ह्याच ठिकाणी आम्हांस घरच्या एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलावयाचे आहे. इकडच्या भारतीय मेळाव्यांत आणि हल्ली फोनवरून फिरणाऱ्या मजकुरांत मुलांना असे सांगितले जाते की, हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे आणि पृथ्वीचे वयही सुमारे तेवढेच. कलियुगाची ४,३२,००० वर्षे, त्याच्या दहापट महायुग, त्याच्या हजारपट कल्प; हा गुणाकार आहे, मोजमाप नव्हे. शिवाय त्याच परंपरेच्या हिशेबाने चालू कल्पाची १९७ कोटी वर्षेच सरली आहेत, म्हणजे जुळवायचा आकडाही सोयीने निवडावा लागतो. ज्या ग्रंथांत तो आकडा आहे ते ग्रंथ वाचण्याचा अधिकार आमच्या पणज्यांना नव्हता, हे तर निराळेच.

मेघनाद साहा ह्यांची आठवण येथे करणे भाग आहे. ढाक्याजवळच्या खेड्यातील किरकोळ दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय मुले त्यांच्या पंगतीला बसावयास तयार नसत. १९२० साली त्यांनी दिलेल्या समीकरणाने ताऱ्याच्या वर्णपटातील रेषांवरून त्याचे तापमान काढता येऊ लागले, म्हणजे हायडेलबर्गच्या त्या रेषांना बोलते केले ते साहांनी. सारे काही वेदांत आहे, असे त्यांना ऐकविणाऱ्या ढाक्याच्या एका वकिलाची त्यांनी पुढे लेखातून चांगलीच हजेरी घेतली होती.

आणि आपलेही काही बंधू हेच करतात. पाली वाङ्मयात विश्वाच्या आकुंचन-विकासाचे कप्प सांगितले आहेत, म्हणून बुद्धांना प्रसरण ठाऊक होते, असे ते मोठ्या अभिमानाने मांडतात. आम्हांस हे मान्य नाही. १९५१ साली पोप पायस बारावे ह्यांनी विश्वारंभाच्या सिद्धांतात ईश्वरी निर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा ती जुळवाजुळव स्वतः धर्मगुरू असलेल्या लमेत्र ह्यांनाच रुचली नाही. जे एका कॅथलिक पाद्र्याला कळले ते आपल्याला कळू नये? उलट, लोक शाश्वत आहे की अशाश्वत, ह्या मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नाला बुद्धांनी उत्तर दिलेच नाही. न मोजलेला आकडा सांगण्यापेक्षा हे मौन आम्हांस अधिक वैज्ञानिक वाटते.

मग काय करावे? आपली मुले हुशार आहेत, आणि ती सारीच्या सारी संगणकाकडे जातात. पोटापाण्याच्या दृष्टीने ते योग्यच, आम्हीही तेच केले. पण पिढी स्थिरावल्यावरही एकानेही वर पाहू नये, हे आम्हांस खटकते. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला ह्या तरुणाने १७ जानेवारी २०१६ रोजी जाताना मागे ठेवलेल्या पत्रात, आपल्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हावयाचे होते असे लिहिले होते. त्या पत्राच्या सभा आपण घेतल्या, निषेध केले, ते करावयास हवेच होते. त्याच्या त्या इच्छेकडे मात्र आपले तितकेसे लक्ष गेले नाही.

वाट नाही असेही नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे, शेतांच्या मधोमध, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस ताटल्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. ती उभारणारे गोविंद स्वरूप ह्यांनी त्यापूर्वी उटीच्या दुर्बिणीवर, विजय कपाही ह्यांच्यासह, दूरच्या रेडिओस्रोतांचे आकार मोजून १९७५ साली जे निष्कर्ष काढले ते बदलत्या विश्वाच्या बाजूचे होते, आणि स्थिर विश्वाचा पुरस्कार करणारे जयंत नारळीकर त्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. दोघेही तेथेच काम करीत राहिले. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, महास्फोटाविषयीची आपली शंका त्यांनी सोडली नाही, पण ती मांडली गणिताने आणि निरीक्षणांच्या आधारे.

येथे तर वाट दारातूनच जाते. हायडेलबर्गच्या माथ्यावरच्या क्योनिगश्टूल ह्या डोंगरावर माक्स वोल्फ ह्यांनी १८९८ साली सुरू केलेली वेधशाळा आहे. शेजारी माक्स प्लांक खगोलसंस्था आहे. वेब दुर्बिणीतील उपकरणांची काही फिरती यंत्रे घडविण्यात तिचा हात होता. आणि त्यांच्याजवळ २०११ साली उभे राहिलेले, चक्राकार तारकाविश्वाच्या आकाराचे ‘खगोलगृह’ आहे. ते ज्यांच्या प्रतिष्ठानाच्या पैशातून झाले ते क्लाउस चिरा हे एसएपीच्या त्या पाच संस्थापकांपैकी एक, शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. आपण सारे ज्या धंद्यावर जगतो त्याच धंद्यातला पैसा डोंगरावर गेला आहे, आपणच तेवढे गेलेलो नाही. आमची सूचना अशी की, आपल्या संघटनेने यंदाची मुलांची सहल तेथे न्यावी. खाली हाउप्टश्ट्रासेवर किर्खहोफची पाटी आधी दाखवावी, मग डोंगरगाडीने वर जावे. खगोलगृहात शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम होतात, ते बहुधा जर्मन भाषेत. पण ती भाषा आपल्या मुलांना आपल्यापेक्षा बरी येते, दुभाष्याचे काम तीच करतील.